पहिल्या ओळीआधी

गाण्याच्या आधीचा श्वास कुणीतरी काढून टाकला होता.

धाकटीनं हेडफोन उतरवून हातात धरला, उलटसुलट करून पाहिला, जणू चूक त्याची होती, आणि पुन्हा कानांवर चढवला. दुपारच्या सुट्टीची वेळ. कान तपासायच्या दवाखान्यातली ती बंद खोली मोठ्या कपाटाएवढी. भिंतींना राखाडी स्पंज, दुहेरी काचेची एक खिडकी, आत एक खुर्ची. बावीस वर्षं ती खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, यंत्रापाशी बसत आली होती. आतल्या खुर्चीतले कान बदलत गेले. डबा मात्र ती आत बसून खायची. डॉक्टर थट्टा करायचे की बाई, एखाद दिवशी गुदमराल, आणि ती म्हणायची, गुदमरेन, पण शांतपणे. अख्खं शहर पालथं घातलं असतं तरी एवढी शांतता मिळाली नसती. आज डबा उघडलाच नव्हता. मांडीवर फोन होता, फोनमध्ये रेकॉर्ड कंपनीनं पाठवलेली सोळा गाणी होती, वर त्यांच्या चौघांच्या गटाचा जुना फोटो, त्याखाली ‘निवडक सोळा’, आणि त्यात पहिलं अर्थातच ‘दार लोटून जा’. दुसरं कुठलं असणार? बाकीची पंधरा ज्यांना नावानंही आठवत नव्हती त्यांना हे एक पाठ होतं. वाद्य नाही, ठेका नाही. दोन आवाज एकदम, एका पावलानं उंबरा ओलांडून आल्यासारखे:

जाशील तर जा, दार लोटून जा,
कडी नको लावू, हाक ठेवून जा.

आणि त्या ‘जाशील’च्या आधी एकतीस वर्षं एक श्वास होता. छोटा, नाकातून घेतलेला, शेवटी जरासा अडखळलेला. थोरलीचा श्वास. रेकॉर्डवर होता, कॅसेटवर होता, कुठल्या दुकानात, कुठल्या अनोळखी घराच्या खिडकीत गाणं लागलं की धाकटीला गाणं मागाहून ऐकू यायचं, आधी तो श्वास. त्यानंच ओळख पटायची. आता तिथं नुसती गुळगुळीत शांतता होती, पुसून कोरडी केलेल्या फरशीसारखी, आणि दोघींचे आवाज तिच्यावर पाय घसरल्यासारखे सुरू होत होते.

तिनं चारदा ऐकलं. पाचव्या वेळी तिला स्वतःचाच संशय आला, कारण कानांवर विश्वास ठेवू नये हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सकाळीच एक निवृत्त शिक्षक येऊन गेले होते. खुर्चीत ताठ बसले, हातात बटण घेतलं, ऐकू आलं की दाबायचं. तिनं यंत्रावर काहीच वाजवलं नव्हतं तरी त्यांनी तीनदा दाबलं. बाहेरचा हिरवा दिवा तीनदा लागला. ती दार उघडून आत गेली आणि समजावलं की सर, तोंड थोडं उघडं ठेवा, सावकाश श्वास घ्या, तुम्हाला ऐकू आला तो तुमचाच श्वास होता. शिक्षक ओशाळले. म्हणाले, मला वाटलं, कुणीतरी वाजवतंय. हे वाक्य ती आठवड्यातून चारदा तरी ऐकायची. सगळ्यांना वाटतं, कुणीतरी वाजवतंय. बिचारे आशेनं बटण दाबतात. मग आपणही एकतीस वर्षं नसलेलंच काही ऐकत आलो की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. पाय दुखतात तसा नव्हे, नाव दुखावं तसा थकवा. चौपन्नाव्या वर्षी माणसं तिला अजून धाकटी म्हणत होती. थोरली असेल तर धाकटी. थोरली नसताना धाकटी म्हणजे काय? एका चपलेला डावी म्हणावं तसं ते.

ड्रमवाल्याचा फोन येऊन आज आठवडा झाला होता. त्यांच्या चौघांतला तोच सगळ्यांशी संबंध ठेवून होता. गिटारवाला परदेशी गेला तिथंच रुजला, त्यानं कागदावर सही करून पाठवूनही दिली होती. चौघांनी गाणी ऐकून होकार द्यायचा, गुरुवारपर्यंत, की कंपनी संच बाजारात आणायला मोकळी. ड्रमवाला आता दुचाकी शिकवायची शाळा चालवत होता आणि फोनवरही ‘क्लच सोड, सावकाश सोड’ अशा सुरात बोलायचा. म्हणाला की थोरलीला फोन केला होता, म्हणजे केला म्हणजे काय, तिची ती जुनी खोड, फोन उचलते आणि हूं की चूं करत नाही, आपणच बँकेतल्यासारखी आपली सगळी माहिती सांगायची, मग तिकडून आवाज येतो. सगळं ऐकून घेतलंन आणि एवढंच म्हणाली, “धाकटीला विचारा. ती सुरू म्हणाली की सुरू.” हे सांगून तो हसला. धाकटी हसली नाही. म्हणजे पुन्हा बोलायचं ते मीच, असं तिला वाटलं. ही गप्प राहून थोरली राहणार आणि मी तोंड उघडून वाईट होणार. सव्वीस वर्षांत बहिणीनं तिच्याविषयी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, आणि त्यातही तिच्या खांद्यावर ओझंच दिलेलं.

ओझी वाटून घ्यायचीच सवय होती एकेकाळी. आई रुग्णालयाच्या चादरींना इस्त्री करायची. सकाळी गाठोडी यायची, संध्याकाळी घड्या जायच्या, आणि घड्या घालायचं काम दोघी पोरींचं. पांढरी चादर, चार टोकं, दोन बहिणी, मधे चार हात अंतर. चादरीची घडी एकटीला नीट घालता येत नाही, हे घडी घालणाऱ्यालाच माहीत. दोघींनी एकदम उचलायची, एकदम ताणायची, एकदम पुढे यायचं, बोटांना बोटं लावायची, एकीनं टोकं सोडायची, दुसरीनं धरायची. एक क्षण मागेपुढे झालं की मधे पोट पडतं आणि आई म्हणते, पुन्हा घाला, आजारी माणसाच्या अंगाखाली सुरकुती टोचते. चादरीबरोबर गाणं आपोआप आलं. कुणी शिकवलं नाही. उचलताना एक ओळ, जवळ येताना दुसरी. धाकटी आठ वर्षांची, थोरली अकराची. धाकटी थोरलीच्या गळ्याखालच्या दोन हाडांकडे बघायची, ती हाडं वर झाली की आपण उचलायचं. हा तिचा शोध होता, तिनं कुणाला सांगितला नव्हता. पुढे ड्रमवाला आणि गिटारवाला भेटले, चौघांचा गट झाला, कॉलेजांतून, हॉलांतून कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा ड्रमवाला काठ्या आपटून एक दोन तीन चार म्हणायचा आणि दोघी एकदम त्याच्यावर डोळे वटारायच्या. आकडे नकोत. आम्ही सुरू करतो, तू मागून ये. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, मधे चार हात अंतर, चादर तेवढी नव्हती. थोरलीची हाडं वर झाली, तिचा श्वास आला, आणि धाकटी निघाली. निदान तिला तसंच आठवत होतं. मी कायम तिच्या मागून निघत आले, असं ती नवऱ्याला सांगायची. सूर तिचा, वाट तिची, मी आपली पदराला धरून.

म्हणून तर तो एक शब्द एवढा खोल गेला. गाण्यांच्या तिसऱ्या संचाचं काम चालू होतं, काचेपलीकडे कंपनीचा एक मोठा माणूस येऊन बसला होता, आणि त्याच्या पुढ्यातला माइक चालू राहिलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. दोघींच्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज स्वच्छ आला. “थोरली म्हणजे आवाज. धाकटी ही त्या आवाजाची सावली. ऊन आहे तोवर आहे.” त्यानं ते वाईट मनानं म्हटलंही नव्हतं, सहज, चहाचा पेला ठेवावा तसं ठेवून दिलं. धाकटीनं समोर पाहिलं. थोरलीनंही ऐकलं होतं. तिचे ओठ जरासे उघडले होते. आत्ता ही काहीतरी म्हणेल, असं धाकटीला वाटलं. एक शब्द पुरला असता, साधी शिवी पुरली असती, नुसतं ‘ए’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. थोरली बघत राहिली, ओठ उघडे, आणि काही म्हणाली नाही. मग धाकटीनं हेडफोन उतरवला, खुर्चीवर ठेवला आणि निघून आली. दार लोटूनच घेतलं होतं. कडी लावल्याचं तिला आठवत नव्हतं. पण मागून कुणी आलं नाही, आणि सव्वीस वर्षांत दाराला आपोआप गंज चढतो, त्याला कडी लागत नाही.

त्यानंतर एकच कार्यक्रम झाला, एकट्या थोरलीचा. धाकटी गेली नव्हती, ड्रमवाल्यानं सांगितलं. दिवे लागले, हॉल भरलेला, थोरली माइकसमोर येऊन उभी राहिली आणि ‘दार लोटून जा’ सुरूच करेना. ओठ उघडून उभी. लोकांना आधी ते नाटकी आणि छान वाटलं. मग खोकले सुरू झाले, मग खुर्च्या, मग शिट्ट्या. ड्रमवाल्यानं काठ्या आपटून चार आकडे मोजले, एकदा नव्हे, तीनदा. ती मान वळवून डाव्या बाजूला बघत होती, तिथं कुणी नव्हतं. शेवटी माइक जागेवर नीट सरळ केला आणि आत निघून गेली. लोक काय, म्हणाले शिष्ट आहे, म्हणाले पिऊन आली होती, म्हणाले आवाज गेला. धाकटीनं ते ऐकलं तेव्हा तिला वाईट वाटलं आणि त्या वाईटाच्या तळाशी, गाळासारखं, थोडं बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज तिला अजून होती. दोनदा तिनं फोन केला होता. तिकडे उचलला गेला. कुणी बोललं नाही. हिला वाटलं, आपला आवाज तिला नको आहे. हीसुद्धा गप्प राहिली. दोन्ही बाजूंनी तार कानाला लावून दोघी बसल्या आणि दोन्ही वेळा आधी हिनंच ठेवला. आईच्या शेवटच्या दिवसांत दोघी भेटल्या, औषधांच्या वेळा एकमेकींना कागदावर लिहून दिल्या, आई गेल्यावर तिच्या चादरी घडी करून ठेवल्या. एकेकटीनं. भिंतीला छाती लावून, हनुवटीखाली टोक धरून, एकेकटीनं.

बुधवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि कंपनीच्या इमारतीत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत साउंड इंजिनियर बसला होता, चाळिशीचा, गळ्यात मफलर, टेबलावर कागदी रुमालांचा ढीग, नाक लाल. जुन्या टेपा साफ करण्याचं काम त्याच्याकडे होतं. ज्याला स्वतःला धड श्वास घेता येत नव्हता तो दुसऱ्यांचे श्वास काढत बसला होता, हे पाहून तिला हसू आलं आणि राग थोडा उतरला. तो म्हणाला की हो, मीच काढलेत, सोळा गाण्यांत मिळून चारशेच्या वर निघाले. आता लोक हेडफोन कानात खुपसून ऐकतात, कानाशी कुणी धापा टाकतंय असं वाटतं त्यांना. ती म्हणाली, बाकीचे चारशे राहू देत, हा एक परत घाला. तिला वाटलं होतं वाद घालावा लागेल. त्यानं फक्त विचारलं, “कुणाचा म्हणालात?”

“थोरलीचा. माझ्या बहिणीचा.”

मूळ टेप त्यानं जशीच्या तशी उतरवून ठेवली होती. ती त्यानं पडद्यावर उघडली. एकाखाली एक चार पट्ट्या, प्रत्येक माइकची एक. वरची थोरलीची, तिच्या खालची धाकटीची, आणि खाली दोन वाद्यांच्या, अजून सपाट. गाण्याच्या सुरुवातीपाशी येऊन तो थांबला, चष्मा वर केला. वरची पट्टी रेघेसारखी सरळ होती. खालच्या पट्टीवर, पहिल्या शब्दाच्या किंचित आधी, मुंगीएवढा एक उंचवटा होता.

“हा तुमचा आहे,” तो म्हणाला.

तिनं सांगितलं की माइकांची अदलाबदल झाली असेल. त्यानं वाद घातला नाही, खालची पट्टी बंद केली आणि वरची एकटी लावली. शांतता, आणि मग ‘जाशील’, थोरलीचाच, दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता, तो आवाज ती शंभरांत ओळखेल. त्याच्या आधी काही नाही. मग वरची बंद, खालची एकटी: तो श्वास, छोटा, नाकातून, शेवटी जरासा अडखळलेला, आणि त्याला चिकटून तिचा स्वतःचा सव्वीस वर्षं न ऐकलेला एकटा आवाज, पातळ आणि धीट. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं पुन्हा लावलं. तिला त्या शिक्षकांचा ओशाळलेला चेहरा आठवला.

इंजिनियर आपल्याच कामात रमून गेला होता. त्यानं वरच्या पट्टीचा आवाज खूप मोठा केला. ध्वनिमुद्रणाच्या त्या खोलीचा गुणगुणाट आला, कुठं तरी खुर्ची कुरकुरली, आणि एक लांब, भरलेला, जवळजवळ न ऐकू येणारा श्वास. हे बघा, तो म्हणाला, या कधीच श्वास भरून उभ्या आहेत, चार सेकंद आधी. मग ओठ उघडल्याचा आवाज आहे, इथं, बारीकसा. आणि मग नुसत्या थांबल्यात.

“कशासाठी?” धाकटीनं विचारलं.

“ते मी काय सांगणार, मॅडम.” त्यानं नाक पुसलं. “तुमच्यासाठी असेल.”

ती बसून राहिली. पडद्यावरची ती चार सेकंदांची सरळ रेघ तिला लांबच्या लांब दिसायला लागली, रस्त्यासारखी, त्या रस्त्यावर थोरली ओठ उघडून उभी. चादरीचं टोक धरून अकरा वर्षांची उभी. काचेच्या खोलीत, त्या माणसाचं वाक्य ऐकून, उभी. भरल्या हॉलमध्ये डाव्या बाजूला बघत उभी. फोन कानाला लावून उभी. हाडं वर व्हायची ती निघायची म्हणून नव्हे. भरून घ्यायची, आणि मग धाकटी कधी निघते याची वाट बघायची. म्हणजे आपणच. आयुष्यभर आपण तिच्या पदराला धरून चाललो, आणि खरं तर आपला पदर धरून ती चालत होती. या विचारानं तिला मोठं काही गवसल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. घरभर शोधलेला चष्मा डोक्यावरच सापडावा तशी एक ओशाळी दमणूक तेवढी आली, आणि मग हळूहळू, बधिर पायात रक्त उतरावं तसं, दुखायला लागलं. एक श्वास. तो घेऊन जाताना मी सावली म्हणून गेले, ओझं कमी होईल म्हणून गेले, आणि मागे तिला सुरूच करता आलं नाही. आणि मला त्याचं थोडं बरं वाटलं.

इंजिनियरनं विचारलं, मग ठेवू की काढू? तासापूर्वी ती भांडायला आली होती. आता स्वतःचाच श्वास ठेवा म्हणून सांगायला तिची जीभ उचलेना. गुरुवारी कळवते, असं म्हणून ती उठली. जिन्यात तिच्या लक्षात आलं की ती पायऱ्या मोजत उतरते आहे, आणि तिनं मोजणं सोडून दिलं.

घरी नवरा शब्दकोडं सोडवत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, तुटक तुटक, पाणी पिता पिता. त्यानं पेन्सिल कानामागे खोवली. मग म्हणाला की एक विचारू का, रागावू नकोस, तू तिला दोनदा फोन केला होतास तेव्हा तू काय बोललीस? ती म्हणाली, काही नाही, ती बोलेल म्हणून थांबले होते. तो म्हणाला, हं. आणि पेन्सिल काढून पुन्हा कोड्यात डोकं घातलं, पण एकही अक्षर लिहिलं नाही.

गुरुवारी सकाळी तिनं कंपनीचा कागद भरला. सही केली, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: पहिल्या गाण्याआधीचा श्वास ठेवावा, दोघींचा; भरलेला आणि घेतलेला. वाचल्यावर तिला ते हास्यास्पद वाटलं. खोडलं नाही. सकाळभर कान येत गेले, आजोबा, कारखान्यातला एक मिस्त्री, हट्टी कानांचं एक लहान मूल. तिनं सगळ्यांना सांगितलं, ऐकू आलं की दाबा, घाई नाही. दुपारी डॉक्टर जेवायला गेले तेव्हा ती बंद खोलीत जाऊन खुर्चीत बसली. डबा दाराशी ठेवला. जाड दार ओढून घेतलं, पण पुरतं लावलं तर फोन लागत नाही म्हणून बोटभर फट ठेवली. शिक्षकांनी धरलं होतं ते बटण खुर्चीच्या हातावर लोंबत होतं. सवयीनं तिनं ते डाव्या मुठीत घेतलं. नंबर तिला पाठ होता. आईनं पाठ करून घेतलेला, गाण्यासारखा, दोन-दोन आकड्यांच्या ओळीत.

चार वेळा वाजला. मग उचलला गेला.

कुणी बोललं नाही. आधी असंच झालं होतं, दोन्ही वेळा, आणि तेव्हा तिला त्या गप्पपणात फक्त नकार ऐकू आला होता. आज तिनं बावीस वर्षं ज्यांचं खाल्लं ते कान लावले. तिकडे लांब कुठं तरी नळ ठिबकत होता. एक घड्याळ होतं, जुनं. खिडकी उघडी असावी, कारण रस्त्यावरून एक गाडी गेली. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी फोनला चिकटून, एक भरून घेतलेला श्वास होता, धरून ठेवलेला, आणि त्याच्यावर ओठ उघडल्याचा तो बारीक, ओला आवाज.

काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. कागदाचं विचारावं, त्या माणसाच्या वाक्याचं विचारावं, की मी दोनदा फोन केला होता, ती मीच होते, हे सांगावं? त्या वाईटाच्या तळाशी बरं वाटलं होतं, ते सांगावं का? चौपन्न वर्षांच्या दोन हातांत चादरीची दोन टोकं आल्यासारखी तिची बोटं ताठ झाली. तिनं नाकातून श्वास घेतला, छोटा. शेवटी तो जरासा अडखळला.

दोघी एकदमच बोलल्या, त्यामुळे कोण काय म्हणालं ते दोघींनाही कळलं नाही. डाव्या मुठीतलं बटण दाबलं गेलं होतं. काचेपलीकडे यंत्रावरचा हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. नोंद करायला तिथं कोणी नव्हतं.